घरचं पासिंग: पाडवा ते मृग

मानखुर्दला रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी पुसायला घेतली की फडक्याला लागते ती नुसती धूळ नसते. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, तिच्यावरून खारी दमट हवा येते. उत्तरेला देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, 1927 पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारं. नैर्ऋत्येला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने. मधून सायन-पनवेल महामार्ग आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, त्यावर रात्रंदिवस ट्रेलर, डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर. या सगळ्याचा मिळून एक चिकट, खारट थर गाडीवर बसतो. कोरड्या फडक्याने ओढून पुसला तर रंगावर बारीक ओरखडे उठतात. न पुसता ठेवला तर पत्र्याच्या सांध्यांत ओल धरून बसतो. गाडीवर जीव असलेल्या माणसाची इथली झुंज या थरापासून सुरू होते.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत मोटारहौशींचं वर्ष वसंतात उजाडतं. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते गाडीच्या तळाला चिकटतं. मार्च-एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढायची, तळ धुवायचा, हिवाळी टायर उतरवायचे, ब्रेक पाहायचे आणि मग वर्षभर मनात घोळत असलेलं काहीतरी नवं बसवायचं, असा तिकडचा रिवाज. त्या याद्या आपल्याकडची पोरं व्हिडिओत पाहतात आणि तशाच्या तशा राबवतात. पण आपला वसंत निराळा. आपल्याकडे मीठ बाराही महिने हवेत आहे आणि संकट मागे पडलेलं नसतं, पुढ्यात उभं असतं. त्यांची निगा ही हिवाळ्यानंतरची आवराआवर. आपली चैत्रातली निगा ही पावसाळ्याची बेगमी.

बेगमीला दिवस किती मिळतात? हवामान खात्याने मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून धरली आहे. जुनी माणसं मृग म्हणतात, म्हणजे 7-8 जून. 2025 साली मात्र पाडवा 30 मार्चला होता आणि पाऊस 26 मेलाच मुंबईत आला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं ते सर्वांत लवकरचं आगमन. पाडव्यापासून मोजले तर 57 दिवस, आठ आठवडे आणि एक दिवस. त्यात मे महिन्यात निम्मे कारागीर गावाला गेलेले असतात आणि जे उरतात त्यांच्या दारात एसीच्या कामासाठी आलेल्या गाड्यांची रांग असते. म्हणून ‘मे अखेरीस बघू’ म्हणणाऱ्याची गाडी जूनमध्ये तशीच भिजते.

टॅक्सीवाल्यांची एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. त्यांच्या गाडीला ठरावीक मुदतीने पासिंग असतं. ब्रेक, दिवे, हॉर्न, पत्रा, धूर, सगळं आरटीओपुढे दाखवावं लागतं, म्हणून तारीख जवळ आली की गाडी डेंटर-पेंटरकडे जाते, खाली काय सडलंय ते उघडून पाहिलं जातं. खासगी गाडीला हे काही नाही. नोंदणीपासून 15 वर्षं तिच्याकडे सरकारचा माणूस पाना घेऊन येत नाही. पीयूसी तेवढं काढायचं. 15 वर्षांनी नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा तपासणी होते, आणि तोवर तळाचा पत्रा हातात येऊ लागलेला असतो. हौशी मालकाने चैत्रात स्वतःच्या गाडीचं पासिंग स्वतः करावं, एवढंच या लेखाचं म्हणणं. आणि त्या पासिंगचा क्रम ठरलेला असावा: आधी गंज, मग रबर, मग ब्रेक-टायर, मग दिवे. रंग, आवाज आणि ताकद यांचा नंबर त्यानंतर.

हा क्रम कुठून शिकायचा, तर चार स्टेशनं पलीकडून. मानखुर्दहून गोवंडी, चेंबूर, टिळकनगर आणि कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लायमथ, पुढे फियाट बाहेर पडल्या. 1964 ची फियाट 1100 डिलाइट, मग 1974 पासून त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, एक कार्बोरेटर. चाळीस वर्षं मुंबईची टॅक्सी म्हटली की हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. पूर्व उपनगरांतल्या कितीतरी कारागिरांचा हात या एका गाडीवर बसला. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं, कानाने दोष कळायचा. आजच्या गाडीत प्लास्टिकचं झाकण आणि खाली सेन्सर. पण पत्रा अजूनही पत्राच आहे आणि रबर अजूनही रबरच. पद्मिनीचा पत्रा जिने खाल्ला ती हवा बदललेली नाही.

गंजापासून सुरुवात करू. गाडी गंजते ती वरून नाही, आतून. दाराच्या खालच्या कडेला लहान भोकं असतात. काचेवरून आत झिरपलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं असतं. दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्यांनाही अशीच भोकं असतात. पुढच्या काचेच्या मुळाशी, वायपरखाली, पाण्याची पन्हळ असते. मानखुर्द-चेंबूरच्या रस्त्यांवर गुलमोहर आणि पीतमोहर एप्रिल-मेमध्ये फुलतात, पाकळ्यांचा सडा पडतो आणि झाडाखालच्या गाडीच्या पन्हळीत जाऊन कुजतो. पहिल्या मोठ्या पावसात पाण्याला वाट मिळत नाही, ते ब्लोअरच्या तोंडातून आत येतं आणि पायाखालचं कार्पेट ओलं होतं. मालकाला वाटतं दाराचं रबर गेलं. रबर शाबूत असतं. तुंबलेली असते ती पन्हळ. सनरूफ असलेल्या गाडीत छताच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्याही अशाच तुंबतात आणि पाणी छताच्या कापडातून ठिबकतं. उपाय फुकटचा आहे: वायपरखालची जाळी उचलून कचरा हाताने काढा, दारांची भोकं मऊ तारेने मोकळी करा, तांब्याभर पाणी ओतून ते खालून पडतंय का पाहा. सनरूफच्या नळीत मात्र तार घालू नका. ती आत सुटली तर अख्खं छत उतरवावं लागतं.

तळाला काळं रबरी कोटिंग मारण्याची आपल्याकडे मोठी प्रथा. नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ते ठीक. पण पाच-सात वर्षं खाडीची हवा खाल्लेल्या गाडीला दोन तासांत धुऊन, ओल्या तळावरच फवारा मारून देतात. आतली ओल आणि मीठ त्या थराखाली कोंडलं जातं आणि गंज नजरेआड वाढत राहतो. कोटिंग करायचंच तर गाडी लिफ्टवर घ्यायला लावा, जुना सुटलेला थर खरवडून घ्या, गंजलेल्या जागी गंजरोधक प्रायमर मारा, एक पूर्ण दिवस वाळू द्या आणि मगच फवारा. पोकळ पट्ट्यांच्या आत नळीने मेणाचं द्रावण सोडण्याची पद्धत जुन्या गाड्यांसाठी जास्त गुणाची आहे, कारण मेण सांध्यांत झिरपतं आणि भेगाळत नाही. हे काम करणारे कमी आहेत. शोधावे लागतात, आणि शोधण्याइतकी त्या कामाची किंमत आहे.

धुण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मानखुर्द ज्या एम-पूर्व वॉर्डात येतं तो महापालिकेच्याच 2009 च्या मानव विकास अहवालात शहरातला सर्वांत मागे पडलेला वॉर्ड ठरला होता. एप्रिल-मेमध्ये इथे माणसं कॅन घेऊन पाण्यामागे फिरतात. अशा ठिकाणी पाइप लावून अर्धा तास गाडी धुणं बरोबर नाही, आणि गाडीसाठी ते आवश्यकही नाही. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी मगाने थर भिजवा, मग वरून खाली पुसत या. पंचवीस-तीस लिटरमध्ये गाडी लखलखीत होते आणि ओरखडेही उठत नाहीत. मीठ जिथे खरोखर साठतं तो तळ आणि चाकांच्या कमानी महिन्यातून एकदा सर्व्हिस स्टेशनच्या दाबाच्या पाण्याने धुऊन घ्याव्यात.

आता रबर. या विषयात गेल्या तीन वर्षांत सगळ्यात मोठी उलथापालथ पंपावर झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-20 पेट्रोल देशात आलं आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. साध्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला इथेनॉलचं अर्थकारण समजावून सांगायला नको, आणि त्याच्या बाजूचे मुद्देही खरे आहेत. पण गाडीवाल्याने आपल्या गाडीचं वय पाहिलं पाहिजे. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांत ई-20 सोसणारं रबर आणि प्लास्टिक आहे. त्याआधीच्या गाड्यांसाठी नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनून 10 टक्के मिश्रणाला जुळवलेल्या मोटारींचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी उतरू शकतं. पंधरा किलोमीटर देणारी गाडी चौदा देऊ लागली तर इंजिन खराब झालं असं समजू नका.

मायलेजपेक्षा मला काळजी वाटते ती नळ्यांची. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मग ते कडक होऊन भेगाळतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सैल करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. शिवाय ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल तर आपल्याकडे मागाल तेवढी. मारुती 800, जुनी झेन, जिप्सी, पद्मिनी असं काही जपून ठेवलं असेल तर चैत्रात टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या एकदा बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. बाजारात साध्या आणि चांगल्या नळ्या दिसायला सारख्याच असतात; नळीवरचं छापील मानक वाचून घ्या, तोंडी खात्रीवर घेऊ नका. क्लिपाही नव्या. फिल्टर बदला आणि दोन महिन्यांनी पुन्हा बदला. पावसाळाभर उभी राहणारी कार्बोरेटरची गाडी असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. खर्च फार नाही. पेट्रोलची नळी गरम इंजिनावर ठिबकली तर काय होतं, हे मात्र कुणाला सांगायला नको.

बाकीच्या रबराचंही वय मोजावं. सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉडचे गुटके, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, इंजिनाचे माउंटिंग. मुंबईच्या खड्ड्यांत हे पहिल्यांदा जातात, आणि बूट फाटलेला असेल तर पावसात आत चिखल जाऊन अख्खा जॉइंट खराब होतो. शंभर-दोनशेच्या बुटासाठी हजारोंचं काम निघतं. ‘गाडी खडखडते, भारी शॉकॲब्सॉर्बर टाकू का’ असं विचारणाऱ्या दहा जणांत आठ जणांना नवे बुश पुरतात. मूळ जसं होतं तसं परत आणणं हाच जुन्या गाडीचा पहिला आणि सगळ्यात मोठा अपग्रेड असतो. बारा वर्षांच्या गाडीला नवे बुश, नवे माउंटिंग आणि नीट अलाइनमेंट मिळाली की मालक म्हणतो, ‘ही आपलीच गाडी का?’ हा आनंद मी स्वतः घेतलेला आहे.

कूलिंगबद्दल एक जुनं खूळ अजून जिवंत आहे. गाडी तापते म्हटलं की उस्ताद थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकतो आणि म्हणतो, मुंबईत याची गरज नाही. माझ्याही गाडीचा असाच काढला गेला होता आणि दोन वर्षं मला ते कळलं नव्हतं. त्या व्हॉल्वशिवाय इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही; पेट्रोल जास्त जळतं, तेल लवकर खराब होतं, झीज वाढते. तापण्याचं खरं कारण बहुधा बुजलेला रेडिएटर, दमलेला पंखा, सैल पडलेलं झाकण किंवा नळाचं पाणी हे असतं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका. तयार मिळणारं कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेलं कूलंट घाला. थंड देशात ते गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे उकळू नये आणि आतून गंजू नये म्हणून. एसीचंही तसंच: गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गेला. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. मानखुर्दच्या धुळीत केबिनचा फिल्टर आणि इंजिनाचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या निम्म्या अंतरावर पाहावा.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर उभ्या गाडीत व्होल्टेज मोजून घ्या, 12.6 च्या आसपास हवं. टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावा. वायपरचं रबर दर पाडव्याला नवं. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

ब्रेकवर आहे. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, आणि खाडीकाठच्या हवेत ती भरपूर. डॉट-4 तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो; ओल धरल्यावरची मानकातली मर्यादा 155 अंश आहे. मानखुर्दचा गाडीवाला रविवारी पहाटे निघतो तो वाशीच्या पुलावरून. ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना तिथे टोलही नाही. पनवेल, मग द्रुतगती मार्ग, मग बोरघाट. चढताना सगळं छान असतं. परतताना उतारावर ब्रेक तापतात, ओल धरलेलं तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी तेल बदलायला चार आकडी खर्चही येत नाही. तरी लोक लाल रंगाचे ब्रेक कव्हर घेतात आणि तेल तेच ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताकदीचे ब्रेक हवे असतील तर क्रम असा: नवं तेल, चांगल्या कंपनीचे पॅड, डिस्कची जाडी मोजून घेणं. याच्या पुढे रोजच्या गाडीला फारसं काही लागत नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर ते घसरतं. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते. मुंबईच्या पावसात 3 मिलिमीटरखाली गेलेला टायर मी स्वतः ठेवत नाही. मोठे टायर घालण्याची हौस अनेकांना असते आणि ती वाईट नाही, हिशेब मात्र करावा. 165/80 आर 14 चा एकूण व्यास साधारण 620 मिलिमीटर. त्याऐवजी 185/65 आर 15 घेतला तर 621.5, जवळपास तेवढाच, चालेल. पण 205/65 आर 15 घेतला तर 647.5, म्हणजे साडेचार टक्के मोठा. स्पीडोमीटर कमी दाखवतो, गाडी उचलताना जड होते, वळताना टायर कमानीला घासतो. तीन टक्क्यांच्या आत राहा आणि टायरची भारक्षमता मूळपेक्षा कमी घेऊ नका.

कायद्याचा भाग हौशी माणसं टाळतात, पण तो माहीत असावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत उत्पादकाने ठरवलेल्या गोष्टी बदलायला मनाई करतं. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 2012 साली काचांवरच्या काळ्या फिल्म काढायला लावल्या गेल्या. पुढची-मागची काच किमान 70 टक्के आणि बाजूच्या किमान 50 टक्के प्रकाश सोडणाऱ्या हव्यात. पुढे लावायचे लोखंडी बुलगार्ड डिसेंबर 2017 मध्ये बंद झाले, आणि ते योग्यच झालं: पादचाऱ्याला ते जीवघेणे ठरतात आणि धडकेचा जोर थेट सांगाड्यावर नेतात. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते, म्हणजे ‘दादा’ वाचली जाणारी प्लेट गेली. सीएनजी किट बसवता येतं, पण मान्यताप्राप्त, आरसी पुस्तकात नोंदवलेलं. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी.

मग करायचं काय? खूप काही. दिव्यांपासून सुरुवात करावी. बऱ्याच गाड्यांत 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब असतो आणि तो मंद वाटतो, कारण बारीक, जुन्या तारांतून त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. रिले घालून बॅटरीपासून थेट जाड तार आणि फ्यूज दिला तर तोच बल्ब उजळतो. हे न करता 100/90 वॅटचे बल्ब घालतात, होल्डर वितळतो. पिवळटलेली दिव्याची काच पॉलिश करून वर संरक्षक थर द्या. हॅलोजनच्या आरशात एलईडी बल्ब खुपसला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. कुठलीही नवी वस्तू जोडताना तार कापून जोड मारू देऊ नका. जोडपट्टी घ्या, फ्यूज घ्या. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर घट्ट सीटकव्हर घालू नका, ती फुगताना अडकते. कॅमेरा बसवा, साउंडसाठी दारांत आवाज शोषणारी गादी लावा, पण दाराची भोकं मोकळी ठेवून.

ताकद वाढवण्याच्या हौसेत मानखुर्दसाठी सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खाली बसवलेला हवेचा उघडा फिल्टर. थंड हवा मिळावी म्हणून तो बंपरच्या मागे, जमिनीजवळ बसवतात. मार्चमध्ये इंजिन गोड गुरगुरतं. जुलैत सबवेमध्ये किंवा जोडरस्त्याच्या कडेला गुडघाभर पाणी साचलं की तोच फिल्टर पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो गाड्यांचं असं झालं आणि अनेक मालकांनी बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याच्या घाईत धडधाकट इंजिन घालवलं. त्या दिवशी सेंट्रल लॉक अडकून माणसं आत कोंडली गेली, हेही विसरू नये. काच फोडायची लहान हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवणं हा तीनचारशे रुपयांचा अपग्रेड आहे. इंजिनात पाणी जाण्याचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. आणि विमा कंपनीला न कळवलेले बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतात.

ईसीयू रिमॅप, मोठा टर्बो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं या वाटेला रोजच्या गाडीने जाऊ नये असं माझं मत आहे. विशेषतः शेवटच्या. बीएस-6 च्या नियमांनी 1 एप्रिल 2020 पासून जी स्वच्छता आणली ती आपण दोन चित्कारांसाठी उलटी फिरवायची, आणि तीही जिथे लहान मुलं आधीच या हवेने खोकताहेत त्या वस्तीत, हे मनाला पटत नाही.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. बंद झालेल्या मॉडेलचं दाराचं हँडल, मीटर, काचेची मोटर, आरसा तिथे मिळतो आणि जुना माल घेण्यात गैर काही नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सीटबेल्ट आणि एअरबॅग जुन्या बाजारातून कधी घेऊ नयेत. घेतलेल्या भागाची पावती मागावी. चोरीचा माल बाजारात फिरतो तो पावती न मागणाऱ्यांमुळेच.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर तिची वाट वेगळी. जुलै 2021 च्या नियमांनी अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती दहा वर्षं टिकते. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. 1974 सालच्या पद्मिनीने पन्नाशी ओलांडली आहे. मधल्या वयाच्या, वीस-तीस वर्षांच्या गाड्यांना मात्र असा आधार नाही: नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींना 10,000. आजची नीट ठेवलेली झेन किंवा एस्टीम उद्याची व्हिंटेज आहे. ती पन्नाशीपर्यंत पोचायला हवी असेल तर तिच्या मालकाला सरकारने थोडी सवलत द्यावी, ही मागणी रास्त आहे. धुराची आणि ब्रेकची कडक तपासणी घ्या. जी गाडी त्यात उतरते तिला वयामुळे दंड लावू नका.

पाडव्याचा मुहूर्त नव्या गाडीचा मानला जातो. जुनी असलेल्यांनी त्या दिवशी निदान एवढं करावं: जॅक लावून नाही, नुसतं वाकून, टॉर्च घेऊन गाडीखाली बघावं, चारही दारांखालची भोकं मोकळी करावीत, टायरवरचे चार आकडे वाचावेत आणि ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर ते बदलायचं झालं आहे.